फौजेतून पेढीवर : हैदराबादचा ‘किंग पामर’, निजामाचं कर्ज आणि आपली पैनगंगा

पावसाळ्यात सहस्रकुंडाला गर्दी होते. धबधब्याच्या अलीकडं आपलं इस्लापूर, तालुका किनवट, जिल्हा नांदेड. पलीकडं उमरखेड तालुका, जिल्हा यवतमाळ. अलीकडं मराठवाडा, पलीकडं विदर्भ. दोन्ही काठांवर माणसं उभी राहतात, एकमेकांकडं बघून हात हलवतात, फोटो काढतात.

मागच्या पावसाळ्यात कॉलेजातल्या एका पोरानं मला तिथंच विचारलं, “दादा, नदी एक, भाषा एक, सोयरिकी दोन्हीकडं. मग ही हद्द पाडली कुणी?” मी म्हणालो, “इकडं निजाम होता, तिकडं इंग्रज.” त्याचं समाधान झालं. माझं नाही झालं. कारण तिकडचं वऱ्हाडही आधी निजामाचंच होतं. मग ते इंग्रजांकडं गेलं कसं? लढाईत हरला म्हणून? नाही. निजामानं वऱ्हाड लढाईत गमावलं नाही, कर्जात गमावलं. फौजेच्या पगाराच्या कर्जात.

आणि या कर्जाच्या गोष्टीच्या सुरुवातीला एक फौजी माणूस बसलेला आहे, ज्यानं तलवार ठेवून वही उघडली. विल्यम पामर त्याचं नाव. हैदराबादेत त्याला ‘किंग पामर’ म्हणत. सतरा सप्टेंबरला आपण निजाम, रझाकार, स्वामीजी सगळं आठवतो, आठवलंच पाहिजे. पण त्याच्या सव्वाशे वर्षं आधी आपल्या परगण्यांचा महसूल कुणाच्या वहीत गहाण होता, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा.

बाप पुण्याचा रेसिडेंट

शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलंय की नाना फडणवीस 1800 साली वारले तेव्हा पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटानं लिहिलं होतं, नानांबरोबर मराठी राज्यातलं शहाणपण आणि संयमही गेला. तो रेसिडेंट म्हणजे कर्नल (पुढं जनरल) विल्यम पामर. आपल्या गोष्टीतला विल्यम त्याचा मुलगा. बापलेकाचं नाव एकच, म्हणून इतिहासात बऱ्याचदा घोटाळा होतो.

थोरल्या पामरनं हिंदुस्थानात फैजबक्ष नावाच्या खानदानी बेगमेशी संसार केला. लपवून ठेवलेला नाही, उघड. 1785 च्या सुमाराला या सगळ्या कुटुंबाचं एक मोठं चित्र काढलं गेलं. लाल कोटातला साहेब, शेजारी बसलेली बेगम, भोवती पोरं आणि बायका. ते चित्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. धाकटा विल्यम 1780 चा, म्हणजे तेव्हा पाचेक वर्षांचा.

पुढं त्याचं शिक्षण इंग्लंडात झालं. शिक्षण इंग्रजी, बाप कंपनीचा मोठा अधिकारी. तरी कंपनीच्या नोकरीचं दार त्याला बंद होतं. का? आई हिंदुस्थानी होती म्हणून. 1791 मध्ये कंपनीनं नियमच केला होता की ज्याचे आई किंवा वडील हिंदुस्थानी आहेत, त्याला कंपनीच्या मुलकी किंवा लष्करी अधिकाराच्या जागेवर घ्यायचं नाही. जातीचा दाखला मागणारं ऑफिस आपल्याला नवं वाटायचं कारण नाही, साहेबाच्या राज्यातही रक्ताचा दाखला लागायचाच.

मग अशी पोरं कुठं जायची? देशी राजांच्या फौजेत. 1799 मध्ये विल्यम निजामाच्या फौजेत दाखल झाला. वेळ कुठली बघा. चारच वर्षांपूर्वी, 1795 ला, खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाला हरवलेलं. 1798 मध्ये निजामाच्या पदरची फ्रेंच अधिकाऱ्यांची पलटण इंग्रजांनी मोडून टाकलेली. त्या जागी इंग्रजी धाटणीचे अधिकारी हवे होते. पामरला फारसी येत होती, उर्दू घरचीच होती, कवायत इंग्रजी होती. दरबारात बसायला आणि फौज चालवायला, दोन्हीला चालणारा माणूस. दहा वर्षांहून जास्त काळ त्यानं निजामाची चाकरी केली, हुद्द्यानं चढत गेला, दरबाराचा विश्वास कमावला. आजच्यासारखी छातीवर लावायची पदकं तेव्हा फार नव्हती. दरबारात बसायला जागा मिळणं, हाच मान. तो त्याला मिळाला.

आणि फौजेत राहून त्यानं एक गोष्ट जवळून पाहिली. ती पुढं त्याचा धंदा झाली. निजामाच्या फौजेचा पगार कधीच वेळेवर होत नव्हता.

लाकडाच्या व्यापारापासून सरकारच्या सावकारीपर्यंत

फौज सोडल्यावर पामरनं हैदराबादेत व्यापार सुरू केला. 1814 पर्यंत ‘विल्यम पामर आणि कंपनी’ ही पेढी उभी राहिली. भाऊ हेस्टिंग्ज पामर सोबत होता. बंकटी दास नावाचा गुजराती सावकार भागीदार होता. आणि मुख्य म्हणजे इंग्रज रेसिडेन्सीतल्या काही अधिकाऱ्यांचाही या पेढीत वाटा होता. ज्यांनी देखरेख करायची, तेच भागीदार.

सुरुवातीला जे कारण सांगितलं गेलं ते ऐकून आपल्या भागातल्या माणसाचे कान टवकारतील. गोदावरीकाठचं सागवान! गोदावरीच्या खोऱ्यातलं लाकूड पाण्यावाटे समुद्राकडं न्यायचं, जहाजबांधणीला विकायचं, असा बेत होता. आपलं किनवटचं जंगल, पैनगंगा, पुढं वर्धा, प्राणहिता आणि मग गोदावरी, हे सगळं एकाच पाण्याचं खोरं आहे. सागवानाकडं व्यापाऱ्याची नजर आजची नाही, एवढं लक्षात ठेवा.

पण लाकडाच्या धंद्यात किती मिळणार? खरा पैसा होता सरकारला कर्ज देण्यात.

आता हे कर्ज का लागायचं ते नीट समजून घेऊ, कारण सगळ्या गोष्टीची गाठ इथं आहे.

1800 च्या तहानुसार कंपनीची तैनाती फौज निजामाच्या राज्यात राहणार होती आणि तिच्या खर्चापोटी निजामानं आपला मुलूख कायमचा तोडून दिला होता. म्हणजे त्या फौजेचे पैसे एकदाच जमिनीनं फिटले होते. त्याच तहात आणखी एक कलम होतं. लढाई झाली तर निजामानं 6,000 पायदळ आणि 9,000 घोडदळ मदतीला द्यायचं. लढाई झाली तर! पण हेन्री रसेल नावाचा रेसिडेंट 1811 मध्ये आला आणि त्यानं या ‘लढाई झाली तर’ची कायमची खडी फौज करून टाकली. हीच पुढं ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून ओळखली गेली. आधी तिच्यातल्या पायदळाला ‘रसेल ब्रिगेड’च म्हणत. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटाचा, पगार मात्र निजामाचा. वर्षाला साधारण 40 लाख रुपये.

हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, औरंगाबाद या ठिकाणी तिच्या छावण्या होत्या. अंबाजोगाईच्या आणि हिंगोलीच्या जुन्या माणसांना छावणीचा भाग आजही दाखवता येतो.

तिकडं हैदराबादेत निजाम सिकंदर जाह कारभारातून अंग काढून बसलेला. नावाला दिवाण वेगळा, पण खरा कारभार पेशकार राजा चंदुलालच्या हातात. चंदुलालला इंग्रजांचा पाठिंबा होता आणि तो टिकवायचा तर रसेल ब्रिगेडचा पगार महिन्याच्या महिन्याला व्हायला पाहिजे. तिजोरीत पैसे नाहीत. मग काय? पामरची पेढी.

गुत्ता आणि वही

व्यवस्था अशी बसली. पेढीनं औरंगाबाद आणि वऱ्हाडकडच्या फौजांचा पगार रोखीनं द्यायचा. बदल्यात सरकारनं ठरावीक मुलखाचा महसूल पेढीला लावून द्यायचा. लोकांच्या ठेवी पेढी 12 टक्के व्याजानं घ्यायची आणि सरकारला 24-25 टक्क्यांच्या घरात लावायची. व्याज थकलं की मुद्दलात. मुद्दल वाढलं की आणखी महसूल लावून द्यायचा.

आणि महसूल यायचा कुठून? गुत्त्यातून. आपल्याकडं आजही रस्त्याचं काम घेणाऱ्याला ‘गुत्तेदार’ म्हणतात. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला हा शब्द विचारा, तो गोंधळतो. निजामाच्या राज्यात महसूल वसुलीचंच कंत्राट दिलं जायचं. जो जास्त बोली लावेल त्याला परगणा. त्यानं सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि रयतेकडून जमेल तेवढं काढायचं. पुढच्या वर्षी आणखी जास्त बोलीवाला आला की जुना बाहेर. त्यामुळं असेल त्या वर्षातच पिळून घ्यायचं. विहीर, बांध, पडीक जमीन याची कुणाला पडलेली?

साखळी बघा. शिपायाचा पगार पेढीनं दिला. पेढीचं व्याज चंदुलालनं दिलं. चंदुलालला गुत्तेदारानं दिलं. गुत्तेदाराला पाटलानं दिलं. पाटलाला कुळानं दिलं. साखळीच्या वरच्या टोकाला प्रत्येकाकडं वही होती. खालच्या टोकाच्या माणसाकडं फक्त ज्वारीचं खळं होतं, आणि तेही निम्मं.

आणि हा पगार वेळेवर मिळणारी फौज काय करत होती? आपल्याच मुलखात फिरत होती. हदगावजवळच्या नाव्हा इथं नोवसाजी नाईक हा हटकर सरदार गढी धरून बसला होता. जानेवारी 1819 मध्ये मेजर पिटमनच्या हाताखाली कंटिंजंटनं तिला वेढा घातला. तीनेक आठवडे गढी लढली. आत अरब शिबंदी होती. शेवटी महिनाअखेरीस भिंत पडली आणि आतली बहुतेक माणसं कापली गेली. इंग्रजी कागदांत या लढाईचं नाव ‘नोव्हा’ असं येतं. त्या पलटणींच्या निशाणावर ‘नोव्हा’ हे नाव मानाचं म्हणून पुढं शंभर वर्षं मिरवलं गेलं. मान त्यांचा, पैसा आपल्या महसुलाचा, मेलेली माणसंही इथलीच.

नवं-जुनं

आता गोष्ट कलकत्ता आणि लंडनपर्यंत जाते.

ब्रिटिश पार्लमेंटनं 1797 मध्ये कायदा केला होता की गव्हर्नर जनरलच्या किंवा कंपनी सरकारच्या परवानगीशिवाय कुठल्याही इंग्रजानं देशी राजाला कर्ज द्यायचं नाही. कारण मद्रासकडं अर्काटच्या नबाबाला इंग्रजांनीच कर्जात बुडवल्याचा मोठा गाजावाजा झाला होता. म्हणजे धोका माहीत होता. कायदा होता. मग पेढी चालली कशी? परवानगीनं! 1816 मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या सरकारनं पामरच्या पेढीला खास परवाना दिला.

त्याच सुमाराला पेढीत एक नवा भागीदार आला होता, सर विल्यम रम्बोल्ड. त्याची बायको लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरी त्याच्या पालकत्वाखाली वाढलेली, मुलीसारखी. आपल्या भाषेत सांगायचं तर जावयाची पेढी. नियमात सगळं बसवलेलं, पण कुणाचा कोण लागतो ते सगळ्या हैदराबादला माहीत.

1820 मध्ये मोठं प्रकरण झालं, 60 लाखांचं कर्ज. सांगितलं काय गेलं? निजाम सरकारच्या जुन्या देण्यांचा निकाल लावायचा, रयतेला पेरणीसाठी तगाई द्यायची, फौज कमी करायची, कारभार सुधारायचा. कलकत्त्याच्या कौन्सिलात मतभेद झाले, तरी लॉर्ड हेस्टिंग्जनं मंजुरी दिली. व्याज 18 टक्के. वाटतं, बरं झालं, 25 वरून 18 वर आलं.

पण त्याच वर्षाच्या शेवटी रसेल गेला आणि चार्ल्स मेटकाफ नावाचा नवा रेसिडेंट आला. हा माणूस पामरशी आधी मैत्रीनंच वागत होता. पण त्यानं मुलखात फिरून गावं बघितली, उजाड गावं बघितली, आणि पेढीकडं एक साधी गोष्ट मागितली. हिशेब दाखवा.

इथून सगळं फिरलं. हिशेब सहजासहजी मिळेना. हळूहळू जे बाहेर आलं ते असं की 60 लाखांतला फार मोठा भाग हा नवा पैसाच नव्हता. पेढीचंच जुनं येणं नव्या खात्यावर चढवलेलं. आणि वर 8 लाख रुपये ‘बोनस’ म्हणून आधीच मुद्दलात धरलेले. रयतेच्या तगाईचं नाव कागदावर, पैसा वहीतून वहीत.

याला आपल्याकडं शब्द आहे. ‘नवं-जुनं’. बँकेत मार्च महिन्यात रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं, नवं उचलल्याचं दाखवायचं, हातात काहीच येत नाही, आकडा मात्र वाढतो. मी स्वतः वडलांबरोबर त्या रांगेत उभा राहिलोय. घरी येताना पासबुकात लाखाची उलाढाल आणि खिशात एसटीचे पैसे. दोनशे वर्षांपूर्वी एका अख्ख्या राज्याचं नवं-जुनं झालं होतं, एवढाच फरक.

सात लाखांची विक्री

मेटकाफच्या पत्रांनी कलकत्त्यात वादळ उठलं. लॉर्ड हेस्टिंग्ज मेटकाफवरच चिडला, पण लंडनचे डायरेक्टरही या पेढीच्या विरोधात गेले होते. 1823 च्या सुरुवातीला हेस्टिंग्ज देश सोडून गेला आणि प्रकरण निकाली काढायचं ठरलं. निजामाचं पामरकडचं कर्ज फेडून टाकायचं. पण पैसा आणायचा कुठून?

इथं कंपनीनं जे केलं ते नीट वाचा. आंध्रच्या किनाऱ्यावरचा उत्तर सरकारचा मुलूख कंपनीकडं होता, त्याबद्दल कंपनी निजामाला दरसाल 7 लाख रुपये पेशकश देत होती. कंपनी म्हणाली, हे 7 लाख कायमचे सोडा, आम्ही तुम्हाला एकरकमी पैसे देतो. 6 टक्क्यांनी हिशेब केला, 7 लाखांचं भांडवल झालं 1 कोटी 16 लाख 66 हजार. त्यातून पामरची पेढी फिटली. म्हणजे पेढीच्या कर्जापायी निजामाचं दर वर्षाचं 7 लाखांचं हक्काचं उत्पन्न पिढ्यान् पिढ्यांसाठी संपलं. कंपनीला मात्र देणं मिटल्याचा फायदा. सावकार आणि सरकार भांडतात तेव्हा दोघांनाही काही ना काही मिळतं. देणारा तिसराच असतो.

पैसे मिळूनही पेढी वाचली नाही. सरकारचा आधार गेल्यावर थोड्याच काळात तिचं दिवाळं निघालं. सगळा पत्रव्यवहार 1824 मध्ये लंडनला जाडजूड ग्रंथ म्हणून छापला गेला, ‘हैदराबाद पेपर्स’. लंडनमध्ये कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्यावर दिवसचे दिवस वाद झाले. हेस्टिंग्जची अब्रू गेली. 1830 मध्ये कलकत्त्याची मोठी पामर पेढीही कोसळली, ती विल्यमचा सावत्र भाऊ जॉन पामरची. त्याला लोक ‘व्यापाऱ्यांचा राजपुत्र’ म्हणत.

माणूस म्हणून पामर

आता प्रश्न. हा पामर खलनायक होता का?

मला तसं सरळ म्हणवत नाही. एक तर त्याच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे. दुसरा कुणी सावकार निजामाला पैसे द्यायला तयार नव्हता. बुडण्याचा धोका होता, म्हणून व्याज जास्त, असं त्याचं म्हणणं. हैदराबादच्या बाजारात तेव्हा तसाच दर होता, हेही खरं. आणि रेसिडेंटापासून गव्हर्नर जनरलपर्यंत सगळ्यांनी आधी पाठीवर हात ठेवला, मग प्रकरण अंगाशी आल्यावर हात काढून घेतला. रसेल आरामात इंग्लंडला गेला, रम्बोल्ड ‘सर’च राहिला. ज्याची आई हिंदुस्थानी होती त्याच्या नावानं मात्र प्रकरण ओळखलं जातं. ज्या नियमानं त्याला फौजेचं दार बंद केलं, त्याच नजरेनं त्याच्या पेढीकडंही बघितलं गेलं असणार.

आणि तो पळून गेला नाही. पेढी बुडाल्यावरही तो हैदराबादेतच राहिला, तब्बल चाळीस वर्षांहून जास्त. 1867 मध्ये वयाच्या 87 व्या वर्षी तिथंच वारला. त्याच्या कोठीवर येणाऱ्याजाणाऱ्याचा पाहुणचार व्हायचा, दरबारातले लोक सल्ला घ्यायला यायचे. ‘किंग पामर’ हे नाव पैसा गेल्यावरही राहिलं.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. फौजेत असताना पगाराविना हाल होणारा शिपाई त्यानं पाहिला होता. त्या दुखण्यावर त्यानं औषध काढलं, आणि औषधाची किंमत अशी लावली की रोगी कायम त्याच्याच दारात राहावा. माणूस वाईट असायची गरज नसते. वही अशी लिहिलेली असली की पुरे.

जावई नळदुर्गला

कर्ज फिटलं, पण भोक बुजलं नाही. कंटिंजंट होतीच, वर्षाला 40 लाख लागतच होते. पामर गेल्यावर चंदुलालनं दुसरे सावकार धरले. मुंबईकडचे पारशी पेस्तनजी मेहेरजी आले, वऱ्हाडचा महसूल त्यांच्याकडं लागला. औरंगाबादच्या टाकसाळीत त्यांच्या नावानं ओळखला जाणारा ‘पेस्तनशाही’ रुपयाही पडला. त्यांच्याकडूनही मुलूख काढून घेतला गेला. 1843 मध्ये चंदुलाल पायउतार झाला. मग फौजेचा पगार कंपनीच स्वतःच्या खजिन्यातून द्यायला लागली आणि निजामाच्या नावावर मांडायला लागली. सावकार बदलला. आता सावकार आणि सरकार एकच झालं.

1853 पर्यंत हे देणं 45 लाखांच्या आसपास गेलं. लॉर्ड डलहौसीनं तगादा लावला. 21 मे 1853 ला तह झाला. कंटिंजंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव म्हणजे नळदुर्गचा भाग आणि रायचूर दोआब कंपनीच्या ताब्यात गेले. लढाई नाही, गोळी नाही. एक सही.

आणि धाराशिवचा कारभार बघायला नळदुर्गला कोण आलं माहीत आहे? फिलिप मेडोज टेलर. ठगांवरची ती प्रसिद्ध कादंबरी लिहिणारा. तो कंटिंजंटचाच जुना अधिकारी, आणि विल्यम पामरचा जावई. पामरची मुलगी मेरी त्याची बायको. सासऱ्याच्या वहीत ज्या फौजेच्या पगाराचं कर्ज सुरू झालं, त्याच फौजेच्या कर्जापायी गेलेल्या मुलखावर जावई अधिकारी. टेलरनं तिथं काम चांगलं केलं, जमिनीची मोजणी केली, रस्ते केले, आजही त्या भागात त्याचं नाव घेतात. पण इतिहास कधी कधी असा घरातल्या घरात फिरतो.

पामर तेव्हा हैदराबादेत जिवंत होता, 73 वर्षांचा. त्याला काय वाटलं असेल, हा विचार मी बऱ्याचदा करतो.

1860 मध्ये धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले, थकलेलं कर्जही माफ झालं. कारण 1857 मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला. वऱ्हाड मात्र परत आलं नाही. 1902 मध्ये लॉर्ड कर्झननं ते वर्षाला 25 लाखांच्या खंडानं कायमचं घेऊन टाकलं.

आणि आपली नदी

आता सहस्रकुंडाला परत या. 1853 च्या त्या सहीनंतर आपल्या या टापूत पैनगंगा ही हद्द झाली. पलीकडं इंग्रजी अंमल, अलीकडं निजामाचा. पलीकडं कायदा वेगळा, शाळा वेगळी, नाणं वेगळं. सोयरिकी चालूच राहिल्या, पण नदी ओलांडली की राज्य बदलायचं. आजही आपण अनुशेषाचे आकडे मांडतो तेव्हा ‘विदर्भ’ आणि ‘मराठवाडा’ असे दोन रकाने असतात. त्या दोन रकान्यांमधली रेघ कशानं ओढली गेली, ते आता तुम्हाला माहीत आहे.

पण इतिहास एकाच बाजूनं फिरत नाही. 1947-48 मध्ये हीच हद्द आपल्या कामी आली. पलीकडचं उमरखेड स्वतंत्र भारतात होतं. म्हणून मुक्तिसंग्रामाचा कॅम्प उमरखेडला उभा राहिला आणि कार्यकर्ते नदी ओलांडून इकडं येत-जात राहिले. 30 जानेवारी 1948 ला त्यांनी उमरीची बँक ताब्यात घेतली. वीस लाखांच्या वर रक्कम. एवढा पैसा पोरांच्या हातात आला, आणि त्यांनी काय केलं? हिशेब ठेवला. लढ्याला काय लागलं, काय उरलं, हे स्वातंत्र्यानंतर मांडून दाखवलं. उमरीची गोष्ट आपण शौर्य म्हणून सांगतो. माझ्या मते त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तो हिशेब आहे.

शेवटची एक गंमत. 1956 चा राज्य पुनर्रचनेचा कायदा काढून बघा. मुंबई राज्याला काय काय जोडलं त्या यादीत एक ओळ आहे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचं इस्लापूर सर्कल. आपल्या गावाचं नाव देशाच्या कायद्यात आहे! एका बाजूला वऱ्हाडची हद्द, दुसऱ्या बाजूला तेलंगणाची. हद्दी आपल्यावरून सरकत राहिल्या, आपण जागच्या जागी.

म्हणून त्या पोराला आता पूर्ण उत्तर देतो. बाळा, ही हद्द नदीनं पाडली नाही. फौजेच्या थकलेल्या पगारानं पाडली, आणि जो हिशेब कुणी रयतेला दाखवला नाही त्यानं पाडली. सरकार कुणाचंही असो, कर्ज किती काढलं, कुणाकडून काढलं, व्याज काय आणि गहाण काय ठेवलं, हे विचारायचा अधिकार कुळाला पाहिजे. मेटकाफ साहेबानं तो प्रश्न विचारला तेव्हा फार उशीर झाला होता, आणि विचारणारा आपला नव्हता.

आपल्या भागात कुणाच्या घरी जुने मोडी किंवा उर्दू-फारसी कागद, गुत्त्याच्या पावत्या, सावकाराच्या वह्या माळ्यावर पडल्या असतील तर फेकू नका, वाळवीला देऊ नका. मला सांगा, वाचणारा माणूस शोधून देतो. साहेबाच्या बाजूचे कागद लंडनमध्ये जपून ठेवलेत. आपल्या बाजूचे कागद जपायचं काम आपलंच आहे.